पेज कोणाचे, चूक कोणाची?

लिनक्स कर्नलसाठी स्वतः ड्रायव्हर लिहायला बसलेल्या माणसाला मेमरीच्या बाबतीत दोन निरोप हमखास भेटतात. एक, ‘अनेबल टू हँडल पेज फॉल्ट फॉर ॲड्रेस’, आणि त्यामागून आकड्यांची लांबलचक रांग. दुसरा, ‘बॅड पेज स्टेट इन प्रोसेस’, आणि पुढे एखाद्या प्रोसेसचे नाव. पहिला दिसायला भीतिदायक असला तरी स्वभावाने सरळ असतो. अमुक ओळीने नसलेल्या पत्त्यावर हात घातला, एवढेच तो सांगतो. खरा घोळ दुसऱ्याचा. त्यात नाव येते फायरफॉक्सचे, नाहीतर सिस्टिमडीचे, कधी नुसत्या ‘एलएस’चे. नवखा माणूस मग त्या प्रोसेसच्या मागे लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नाव छापून आलेल्या प्रोसेसने त्या क्षणी मेमरी मागितली किंवा परत केली, इतकाच तिचा संबंध. पेज बिघडवणारा कधीच निघून गेलेला असतो.

म्हणजे दोष घडतो एका जागी, दिसतो दुसऱ्या जागी, आणि मधे कधी एक मिलिसेकंद जातो, कधी दोन दिवस. गेल्या पंचवीस वर्षांत कर्नलच्या डीबगिंगसाठी जी साधने आली, त्यांतल्या बहुतेकांचा खटाटोप हे अंतर कमी करण्याचा आहे. त्यातले काही काम आपल्या पुण्यात झाले, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. माझे म्हणणे असे की हे अंतर आता पुष्कळ कमी झाले आहे आणि उरलेली अडचण साधनांची नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ‘हे पेज या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे’ याचे उत्तर देता येत नाही, ही ती अडचण आहे.

साध्या प्रोग्रॅममध्ये पॉइंटर चुकला तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो, कर्नल तो प्रोग्रॅम मारून टाकतो आणि बाकीचे यंत्र सुखाने चालू राहते. कर्नलच्या आत मात्र वर कोणी बसलेला नाही. फाइल सिस्टिम, नेटवर्क, तुमचा ड्रायव्हर, सगळे एकाच पत्त्यांच्या प्रदेशात राहतात. तुमच्या कोडने एक बाइट इकडचा तिकडे लिहिला तर तो डिस्कवर जाणाऱ्या माहितीतही पडू शकतो. ‘ऊप्स’ (कर्नलच्या आतल्या चुकीचा निरोप) येऊनही यंत्र चालू राहिले म्हणून हुश्श करणारे बरेच असतात. खरे तर तपास चालू असताना ‘पॅनिक ऑन ऊप्स’ लावून यंत्र तिथेच थांबवावे. बिघडलेल्या मेमरीवर पुढे काम करत राहणे म्हणजे पुरावा पुसत राहणे.

आणखी एक शंका आधीच निकालात काढू. यवतमाळात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा यंत्र अडखळले की ‘गरमीने रॅम गेली’ हे निदान तयार असते. श्रोडर, पिन्हेरो आणि वेबर यांनी गूगलच्या सर्व्हरांवरील रॅमचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत चुका आढळल्या, म्हणजे रॅम बिघडते हे खरेच. पण प्रत्यक्ष वापरात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. तेव्हा उन्हाला दोष देण्याआधी एक रात्र ‘मेमटेस्ट८६+’ चालवावे. लॉगमधूनही अंदाज येतो. अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा यांत एकाच बिटाचा फरक असेल तर रॅमवर संशय घ्यावा. तिथे ओळखीचा नमुना पसरलेला दिसला, तर दोष सॉफ्टवेअरचा. हे ओळखीचे नमुने कोणते, ते पुढे येईलच.

पेजचा सातबारा

कर्नल मेमरी पेजच्या मापाने वाटतो. इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांवर एक पेज ४०९६ बाइटचे. यंत्रातल्या प्रत्येक पेजमागे कर्नल ६४ बाइटची एक नोंद ठेवतो, तिला ‘स्ट्रक्ट पेज’ म्हणतात. ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये सुमारे २१ लाख पेजेस असतात आणि त्यांच्या नोंदींनाच १२८ एमबी जागा जाते. जमिनीला जसा सातबारा तशी ही नोंद: पेज कोणत्या कामाला लावले आहे, त्यावर किती जणांचा हक्क आहे, ते किती प्रोसेसांच्या नकाशात चढले आहे. हक्काची संख्या ‘रेफकाउंट’मध्ये, नकाशांची ‘मॅपकाउंट’मध्ये. कोणी ‘गेट पेज’ म्हटले की हक्क एकाने वाढतो, ‘पुट पेज’ म्हटले की एकाने घटतो, आणि शून्यावर आला की पेज पुन्हा सरकारजमा होऊन पुढच्या मागणाऱ्याला मिळते.

‘बॅड पेज स्टेट’ हा निरोप याच वेळी उमटतो. पेज परत घेताना किंवा नव्याने देताना कर्नल नोंद तपासतो, आणि मोकळ्या म्हणवणाऱ्या पेजवर हक्क शिल्लक दिसतो, नाहीतर नकाशातला बोजा उतरलेला नसतो, नाहीतर एखादा झेंडा (फ्लॅग) उभा असतो. कर्नल मग ते पेज वापरातून बाजूला काढतो, नोंद छापतो आणि पुढे जातो. निरोपाखाली छापलेली नोंद बहुतेक जण वाचतच नाहीत. ‘रेफकाउंट’ ऋण असेल तर कोणीतरी एकदा जास्त ‘पुट’ केले आहे. ‘मॅपकाउंट’ शिल्लक असेल तर प्रोसेसच्या नकाशात असतानाच ड्रायव्हरने पेज सोडून दिले आहे. निम्मा तपास या दोन आकड्यांत होतो.

एक जुनी चूक, अजून जिवंत

कर्नलबद्दल शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या हाती आजही पहिल्यांदा पडते ते कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांचे ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’, तिसरी आवृत्ती, २००५. पुस्तक उत्तमच आहे, पण ते २.६.१० या कर्नलवर बेतलेले. त्यातला ‘स्कलपी’ नावाचा नमुना-ड्रायव्हर आपली मेमरी ‘एममॅप’ने प्रोग्रॅमला दाखवतो. मात्र एक अट आहे: मेमरी एकेका पेजने घेतलेली असेल तरच. चार-आठ पेजेसचा सलग तुकडा घेतला असेल तर तो ‘एममॅप’ सरळ नाकारतो. पुस्तकात कारण दिले आहे, पण नक्कल करणारा ती अट ‘आपल्याला तर मोठा बफर हवा’ म्हणून उडवतो आणि तिथेच फसतो.

होते असे. चार पेजेसचा सलग तुकडा मागितला की कर्नल पहिल्या पेजचा रेफकाउंट १ करतो, उरलेल्या तिघांचा ० ठेवतो, कारण त्याच्या लेखी तो एकच माल आहे. आता प्रोग्रॅमने दुसऱ्या पेजला हात लावला. ड्रायव्हरच्या फॉल्ट फंक्शनने ‘गेट पेज’ केले, रेफकाउंट १ झाला. प्रोग्रॅम संपला, नकाशा उतरला, कर्नलने ‘पुट पेज’ केले, रेफकाउंट पुन्हा ०. शून्य म्हणजे मोकळे! ते पेज बाजारात गेले आणि दुसऱ्याच कोणाला मिळाले. ड्रायव्हरला याचा पत्ता नाही. समजा तो ॲनालॉग सिग्नल टिपणाऱ्या कार्डाचा आहे; ते कार्ड त्या पेजवर डेटा ओततच आहे. आता फायरफॉक्सच्या पेजवर ॲनालॉग सिग्नलचे नमुने उमटणार, आणि ड्रायव्हर काढताना चार पेजेस एकदम परत करू गेला की नोंदी जुळणार नाहीत. लॉगमध्ये नाव आले फायरफॉक्सचे, चूक आपल्या फॉल्ट फंक्शनमधल्या एका ओळीची.

उपाय तीन आहेत. तुकडा मागतानाच ‘जीएफपी कॉम्प’ हा झेंडा लावून तो जोडपेज म्हणून घ्यावा, म्हणजे कोणत्याही पेजवरचा हक्क पहिल्याच्या नोंदीत चढतो. किंवा ‘स्प्लिट पेज’ करून प्रत्येकाची नोंद स्वतंत्र करावी. किंवा, डीएमएचा, म्हणजे कार्ड थेट ज्यात लिहिते असा बफर असेल तर, हा सगळा उद्योग स्वतः न करता ‘डीएमए एममॅप कोहेरंट’कडे सोपवावा. कर्नलच्या ‘व्हीएम इन्सर्ट पेज’ या फंक्शनवरच्या टिपणीत पहिले दोन मार्ग स्पष्ट लिहिलेले आहेत. टिपणी वाचायला दोन मिनिटे लागतात.

याच जातीची आणखी एक ढोबळ चूक आहे. ‘व्हीमॅलॉक’ने घेतलेल्या पत्त्यावर ‘व्हर्ट टू पेज’ चालवणे. हा हिशेब फक्त सरळ नकाशातल्या पत्त्यांना लागू पडतो. व्हीमॅलॉकच्या पत्त्याला तो लावला की कुठल्यातरी भलत्याच पेजची नोंद हाती येते आणि आपण तिचाच हक्क वाढवत-घटवत बसतो. ‘डीबग व्हर्च्युअल’ हा पर्याय चालू ठेवला तर कर्नल लगेच ओरडतो. तो चालू न ठेवताच दिवसेंदिवस शोधत बसणारे लोक मला कधीच समजलेले नाहीत.

शिवाय जुन्या कोडची गंमत अशी की तो नव्या कर्नलवर नेहमी मोडतोच असे नाही. ‘नोपेज’ या फंक्शनची जागा २.६.२३ पासून ‘फॉल्ट’ने घेतली आणि पुढे ते काढूनच टाकले, तिथे कोड कंपाइलच होत नाही, ते बरे. पण ‘सेट पेज रिझर्व्ह्ड’ करून पेज दडवण्याची जुनी युक्ती कंपाइल होते, चालते, आणि घात करते.

पुण्याचा हात

चालत्या कर्नलला थांबवून त्याच्या आत डोकावायचे, ही इच्छा जुनी. त्यासाठीचे साधन म्हणजे केजीडीबी: एका यंत्रावर कर्नल थांबलेला, दुसऱ्या यंत्रावर जीडीबी हा डीबगर, मधे सीरियल केबल. कर्नलच्या मूळ कोडमध्ये ‘डीबग कोअर’ ही फाइल उघडली की माथ्यावर हक्कदारांची यादी दिसते. त्यात व्हेरिटास सॉफ्टवेअर आहे, टाइमसिस आहे, अमित एस. काळे हे नाव आहे आणि लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज आहे. व्हेरिटासचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते, लिनसिससॉफ्टही पुण्याचीच. काळे यांनी केजीडीबी अनेक वर्षे कर्नलच्या बाहेर पॅचच्या रूपात सांभाळला, वाढवला, आणि पुढे विंड रिव्हरच्या जेसन वेसल यांच्या हातून तो २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये गेला.

इतकी वर्षे बाहेर का राहिला? लिनस टोरवाल्ड्स यांचा डीबगरला उघड विरोध होता. २००० मध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा थोडक्यात असा: डीबगर हाताशी असला की माणूस कारण न समजता लक्षण बुजवतो. मला या भांडणात दोन्ही बाजू पटतात. पेज-दोषांपुरते बोलायचे तर टोरवाल्ड्स यांचे पारडे जड आहे. कर्नल पडल्यावर केजीडीबीने थांबवून पाहिले तरी आपण बिघाड दिसला त्या जागी उभे असतो, बिघाड झाला त्या जागी नव्हे. पण एकदा संशयित पेज हेरले की त्याच्या पत्त्यावर हार्डवेअर वॉचपॉइंट लावून ‘इथे कोण लिहितो ते दाखव’ म्हणता येते, आणि तिथे केजीडीबीला तोड नाही.

दुसरे पुणेरी काम याहून कमी माहीत असलेले. कर्नलमध्ये लहान तुकड्यांची मेमरी वाटणारा ‘स्लॅब’ नावाचा विभाग होता. अनेक प्रोसेसर-गटांच्या मोठ्या यंत्रांवर प्रत्येक गटाने आपल्या जवळच्या मेमरीतूनच घ्यावे, यासाठी मार्च २००५ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. फाइलच्या माथ्यावर शाई फुल्थाइम आणि क्रिस्टोफ लॅमीटर यांच्याबरोबर शोभित दयाल आणि आलोक कटारिया ही नावे होती, दोघांचे पत्ते कॅलसॉफ्टचे. आणि कॅलसॉफ्टचे काम पुण्यातून चाले. ‘होती’ म्हणायचे कारण, मार्च २०२४ मध्ये आलेल्या ६.८ कर्नलमधून स्लॅब काढूनच टाकला. त्याची जागा लॅमीटर यांच्याच ‘स्लब’ने (२००७, २.६.२२) केव्हाच घेतली होती.

यंत्र पडल्यावर मागे राहिलेल्या मेमरीचा पंचनामा करणारे ‘केडम्प’ मात्र बंगळूरच्या आयबीएममधल्या विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लीतीर्थ आणि सहकाऱ्यांचे, एरिक बीडरमन यांच्या ‘केएक्झेक’वर उभे केलेले. २००५ पासून ते कर्नलमध्ये आहे आणि कामाच्या सर्व्हरवर दुसरा पर्याय फारसा नाही.

विष, सावली आणि कुंपण

स्लबची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे त्याची विषपेरणी. ‘स्लब डीबग’ चालू केले की परत आलेला तुकडा तो ६बी या बाइटने भरून ठेवतो आणि शेवटच्या बाइटवर ए५ लिहितो. तुकड्याच्या कडेला सीसी किंवा बीबी यांचा लाल पट्टा. साखळीतून काढलेल्या नोंदीच्या दुव्यांत ‘डेड’ने सुरू होणारा आणि १०० किंवा १२२ ने संपणारा खोटा पत्ता. हेच ते ओळखीचे नमुने. ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’च्या ओळीत ६बी६बी६बी६बी दिसले की आणखी काही वाचायची गरज नाही: सोडून दिलेल्या तुकड्यातून पॉइंटर उचलला आहे. ‘डेड…१२२’ दिसले तर एकच नोंद साखळीतून दोनदा काढली आहे. एखादे हेक्स आकड्यांचे पान नुसते नजरेखालून घालून निदान करणारी जुनी माणसे असतात, त्यांचे गुपित एवढेच.

पण विषही उशिरा कळते. कोणी त्या तुकड्याला पुन्हा हात लावेपर्यंत किंवा तो पुन्हा वाटला जाईपर्यंत. हे अंतर जवळजवळ शून्यावर आणले ते ‘केसॅन’ने. आंद्रेई रियाबिनिन यांचे हे काम २०१५ मध्ये ४.० कर्नलमध्ये आले. युक्ती अशी की मेमरीच्या दर आठ बाइटमागे एक बाइटची ‘सावली’ ठेवायची आणि कंपायलरने प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी सावली तपासणारा कोड घुसवायचा. सावलीत ० म्हणजे आठही बाइट वापरायला मोकळे, १ ते ७ म्हणजे तेवढेच पहिले बाइट मोकळे, बाकी सगळे निषिद्ध. चुकीच्या बाइटला हात लागला त्याच क्षणी अहवाल छापला जातो, आणि त्यात तीन रांगा असतात: आत्ता कोण लिहीत होते, तुकडा कोणी मागितला होता, कोणी सोडला होता. पूर्वी ज्याला आठवडा लागे ते या तीन रांगांत उलगडते. किंमत म्हणून एक अष्टमांश मेमरी सावलीत जाते आणि यंत्र चांगलेच मंदावते, त्यामुळे हे प्रयोगाच्या बाकावरचे साधन.

चालत्या कामाच्या यंत्रासाठी २०२१ मध्ये ५.१२ कर्नलसोबत ‘केफेन्स’ आले. हे सगळ्यांवर नजर ठेवत नाही. साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एखादा तुकडा आपल्या २ एमबीच्या कुंपण घातलेल्या आवारात ठेवते आणि फक्त त्यावर पहारा देते. एका यंत्रावर नशिबाने काही सापडेल; हजार यंत्रांवर सापडतेच. एकाच लॅपटॉपवर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला याचा फारसा उपयोग नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गळती शोधणारा ‘केमेमलीक’ (२००९) आणि न भरलेली मेमरी वाचली की पकडणारा ‘केएमसॅन’ (२०२२, ६.१) यांचे काम वेगळे. पेजच्या पातळीवर मात्र एक साधन दुर्लक्षित राहते, ते ‘पेज ओनर’. बूट करताना ‘पेज_ओनर=ऑन’ लिहिले की प्रत्येक पेज कोणत्या कोडने मागितले याची रांग जपली जाते आणि ‘बॅड पेज स्टेट’च्या निरोपाखाली तीही छापली जाते. या लेखाच्या विषयापुरते एकच साधन निवडायला सांगितले तर मी हे निवडीन.

प्रोसेसरच्या नजरेआड

आता अवघड भाग. केसॅन प्रोसेसरने केलेले लिखाण तपासतो. पण कार्ड स्वतःच, प्रोसेसरला न विचारता, मेमरीत लिहीत असेल तर? डीएमए म्हणजे तेच. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचे उदाहरण घेऊ. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांकडून येणारे सिग्नल हाताळण्यासाठी तिथे जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या भागांतून एक सॉफ्टवेअर बॅकएंड उभा केला: ३२ अँटेनांची सोय, ३३ मेगाहर्ट्झ, दोन ध्रुवीकरणे, पीसीआय एडीसी कार्डे आणि ४८ लिनक्स यंत्रांचा समूह. २०१० मध्ये त्याचा शोधनिबंध आला. ३३ मेगाहर्ट्झसाठी एका सिग्नलचे सेकंदाला निदान ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. नमुना एका बाइटचा धरला तर दर सेकंदाला सुमारे १६ हजार पेजेस भरतात, तेही एका सिग्नलची. या वेगात डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवत बसायला सवड नसते. असा वेग ज्याला गाठायचा आहे त्या ड्रायव्हरला कार्ड थेट मेमरीत लिहिते आणि प्रोग्रॅम तिथूनच वाचतो अशी रचना करावीच लागते, आणि पेज कोणाचे हा प्रश्न तिथे सर्वांत धारदार होतो.

प्रोग्रॅमची पेजेस कार्डाला द्यायची तर ड्रायव्हर पूर्वी ‘गेट युजर पेजेस’ वापरत असे. त्यात घोळ असा की साधा हक्क आणि ‘कार्ड यात लिहिते आहे’ असा हक्क यांत कर्नलला फरक कळत नसे. फाइल सिस्टिम पेज डिस्कवर उतरवून ‘स्वच्छ’ म्हणून शिक्का मारायची, आणि कार्ड मागाहून त्यात लिहायचे. २०२० च्या ५.६ कर्नलपासून ‘पिन युजर पेजेस’ आले. ते सुट्या पेजचा रेफकाउंट एकाने न वाढवता १०२४ ने वाढवते, म्हणजे ‘हे पेज खिळलेले आहे’ हे नोंदीवरून ओळखता येते. खिळा ‘अनपिन’नेच काढायचा. ‘पुट पेज’ने काढू पाहिला तर १०२३ हक्क लोंबकळत राहतात.

कार्डाला चुकीचा पत्ता दिला तर काय? आयओएमएमयू बंद असेल तर कार्ड मुकाट्याने त्या पत्त्यावर लिहून मोकळे होते. केसॅनसारखे कोणतेही साधन ते पाहत नाही. आयओएमएमयू चालू असेल तर कार्डालाही स्वतःचा पेज-नकाशा मिळतो आणि नकाशाबाहेरचे लिखाण अडवले जाऊन लॉगमध्ये (इंटेलच्या यंत्रावर) ‘डीएमएआर’ची ओळ येते. म्हणून डीएमएचा ड्रायव्हर लिहिताना आयओएमएमयू आणि ‘डीएमए एपीआय डीबग’ हे दोन पर्याय पहिल्या दिवसापासून चालू हवेत. वेग कमी होतो म्हणून आयओएमएमयू बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. विकासाच्या काळात तो सल्ला ऐकू नये.

यवतमाळात बसून

यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, इथल्या मुलाला कर्नलमध्ये रस असला की आजवरची वाट ठरलेली: पदवी घ्यायची, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुणे गाठायचे, सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम्सचा पदविका अभ्यासक्रम करायचा. त्या वाटेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण डीबगिंग शिकायला पुण्याची प्रयोगशाळा लागते हे आता खरे राहिलेले नाही.

क्यूईएमयू या आभासी यंत्रात ‘एडू’ नावाचे एक पीसीआय कार्ड आहे. ते जगात कुठेच अस्तित्वात नाही. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते लिहिले गेले. त्याला रजिस्टर आहेत, इंटरप्ट आहे, ४०९६ बाइटचा डीएमए बफर आहे, आणि एक खोड मुद्दाम ठेवली आहे. त्याला फक्त २८ बिटांचे, म्हणजे पहिल्या २५६ एमबीतलेच पत्ते कळतात. त्याच्यासाठी ड्रायव्हर लिहा आणि डीएमए मास्क २८ ऐवजी ६४ सांगा. कर्नल विश्वास ठेवून वरच्या मेमरीतला बफर देईल, कार्ड पत्त्याचे वरचे बिट कापून टाकेल आणि खालच्या २५६ एमबीत कुठेतरी लिहील. कर्नलचा स्वतःचा कोडही त्याच भागात असू शकतो! आता यंत्र कधी पडते, काय निरोप देते, कोणत्या निरपराध प्रोसेसचे नाव घेते, ते पाहत राहा. मग क्यूईएमयूमध्येच इंटेलची आभासी आयओएमएमयू जोडून तोच प्रयोग पुन्हा करा. या एका प्रयोगातून जे समजते ते वर्गातल्या पंधरा तासांत समजणार नाही. खर्च शून्य, यंत्र पडले तर खिडकी बंद करून पुन्हा सुरू करायचे.

खऱ्या बोर्डावर गेल्यावर दोन खड्डे लक्षात ठेवावेत. रास्पबेरी पायसारख्या बऱ्याच एआरएम बोर्डांवर कार्डाचे लिखाण आणि प्रोसेसरची कॅश आपोआप जुळत नाहीत. इंटेल लॅपटॉपवर ‘डीएमए सिंक’ विसरले तरी निभावते, पायवर जुना डेटा वाचला जातो आणि माणूस सेन्सर बदलत बसतो. दुसरे, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ च्या नेहमीच्या कर्नलमध्ये पेज १६ केबीचे असते. कोडमध्ये ‘पेज साइज’ न लिहिता ४०९६ हा आकडा ठोकलेला असेल तर तो ड्रायव्हर तिथे हमखास कोलमडतो.

रस्टचा उल्लेख न करता हा आढावा पुरा होणार नाही. २०२२ च्या अखेरीस ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली. ‘सोडलेल्या तुकड्याला हात’ ही चूक सुरक्षित रस्टमध्ये कंपायलरच होऊ देत नाही, म्हणजे वर सांगितलेले अंतर ऋण होते: दोष घडण्याआधीच पकडला जातो. पण कार्ड मेमरीत काय लिहिते हे रस्टच्या कंपायलरलाही दिसत नाही. तिथे ‘अनसेफ’ लिहावेच लागते, आणि त्या चौकटीत जबाबदारी पुन्हा लिहिणाऱ्याची. डीएमए ड्रायव्हर लिहिणाऱ्याने रस्टकडून अर्धा दिलासा धरावा, पूर्ण नव्हे.

मदत मागणाऱ्यांसाठी एक सूचना. लॉगचा शेवटचा स्क्रीनशॉट पाठवू नका. ‘कट हिअर’ किंवा ‘बग’ लिहिलेल्या पहिल्या ओळीपासूनचा मजकूर द्या. पहिला दोष महत्त्वाचा असतो, नंतरचे दहा त्याचीच पिलावळ. ‘टेंटेड’ या शब्दापुढची अक्षरेही द्या. ‘ओ’ म्हणजे कर्नलबाहेरचा मॉड्यूल चढवलेला आहे, ‘बी’ म्हणजे याआधीच एखादे पेज बिघडलेले सापडले आहे. ‘बी’ दिसत असेल तर समोरचा ऊप्स हा दुसरा किंवा दहावा, आणि खरा पहिला लॉगमध्ये वर कुठेतरी आहे.

आणि एक काम रिकामे पडलेले आहे. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांची चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरे कर्नलबरोबरच मिळतात; मराठी नाही. केसॅनचे पान, पेज ओनरचे पान, डीएमए एपीआयचे पान, एवढी तीन जरी मराठीत आली तरी पुसद, वणी, दारव्ह्याच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हात घालता येईल. हे भाषांतर पॅच म्हणूनच पाठवायचे असते, आणि कर्नलमध्ये पहिला पॅच पाठवण्याची याहून सोपी वाट नाही. यवतमाळ-पुसदच्या महाविद्यालयांतल्या एखाद्या गटाने ती तीन पाने हाती घ्यावीत.